अकोल्याच्या उन्हातला पेंग्विन

आधीच सांगून ठेवते, मी बर्फ कधी पाहिलेला नाही. म्हणजे आभाळातून पडलेला आणि जमिनीवर साचलेला. लादीचा बर्फ मात्र भरपूर पाहिला. माझे वडील अमरावतीत बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. साच्यातून लादी काढायची, लाकडाच्या भुशात लोळवायची, तागाच्या पोत्यात गुंडाळायची आणि हातगाडीवर चढवून द्यायची. मे महिन्यात सगळं गाव घामानं निथळत असताना माझ्या बापाची बोटं गारठून पांढरी पडलेली असायची. घरी आले की ते हात आमच्या गालांना लावायचे आणि आम्ही भावंडं किंचाळत पळायचो. त्या हातांत ऊब परत यायला बराच वेळ लागत असे, हे मला फार उशिरा समजलं. एकदा डिसेंबरात चिखलदऱ्याला गेलो होतो तेव्हा दातावर दात वाजले होते, पण ती थंडी काही खरी नाही. चहा प्याला की जाते.

तरीही मला पृथ्वीची दोन्ही टोकं पाठ आहेत. शाळा चौथीत सुटली, पण आमच्या वस्तीतल्या विहारात एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात पुस्तकं होती. दुपारी बाया निवडण-टिपण घेऊन बसायच्या, मी कपाटाशी. तिथं एक पुस्तक सापडलं, त्याचं कव्हर गेलेलं, पहिली बरीच पानं गेलेली. कुणी लिहिलं, काय नाव, आजतागायत ठाऊक नाही. उघडलं तर सुरुवातच अशी की बाहेर वारा घोंगावतोय, कापडी तंबू फडफडतोय आणि आत एक माणूस दुसऱ्याचे गोठलेले पाय स्वतःच्या उघड्या पोटावर घेऊन बसला आहे. पायात जीव परत यावा म्हणून.

मी ते पान कितीदा वाचलं असेल! लोक मला विचारतात, बाई, तुम्ही वऱ्हाडातल्या, तुम्हाला त्या बर्फाचं एवढं काय? आता काय सांगायचं. त्यांना वाटतं झेंड्याची गोष्ट आहे, कोण आधी पोचला त्याची. मला झेंड्याशी काय करायचं आहे? तिथं काही नाही, ना झाड, ना विहीर, ना शेजार. माणसाजवळ फक्त बरोबरचा माणूस. तो आजारी पडला तर त्याला घसरगाडीवर बांधून, स्वतः उपाशी राहून ओढत आणायचं. स्वयंपाकाची बारी प्रत्येकाची, वारा अंगावर घ्यायची बारी प्रत्येकाची. असं वागणारी माणसं इथं भेटत नाहीत म्हणून मी तिथं जाऊन भेटत राहिले. मग रद्दीवाल्याकडून पुस्तकं आणली, लेकीनं मोबाईल दिला त्यावर पाहिलं. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, वाफ निघून गेली की सतरंजी टाकायची आणि गल्लीतल्या पोरांना बर्फाच्या गोष्टी सांगायच्या, हा माझा वर्षानुवर्षांचा धंदा. पोरं म्हणायची, आजी, गार वाटते तुमची गोष्ट.

लेक अकोल्यात दिलेली आहे. एका उन्हाळ्यात ती माहेरी आली असताना तिनं माझं गच्चीवरचं बोलणं मोबाईलवर घेतलं आणि पाठवलं कुणाकुणाला. ते फिरत फिरत अकोल्याच्या एका माणसापर्यंत गेलं. त्याची बर्फाची प्रदर्शनी लागली होती, मोठ्या मैदानावर, सगळा सुटीचा महिना. त्याचा फोन आला.

"आजी, आमच्याकडे अंटार्क्टिकाच उभा केला आहे. तुम्ही रोज दुपारी येऊन तासभर गोष्टी सांगा. लोकांना माहितीही मिळते आणि पोट्टेही थांबतात."

खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. आयुष्यात कुणी मला असं बोलावलं नव्हतं. ठेवणीतलं पातळ पिशवीत घातलं, मूर्तिजापूरमार्गे जाणारी एसटी धरली आणि लेकीकडे मुक्कामाला गेले.

आता तो अंटार्क्टिका कसा होता ते ऐका. भलामोठा बंद मंडप. आत निळे दिवे. थर्माकोलचे डोंगर आणि खाली, चारी बाजूंना, कापूस. जिनिंगमधून आणलेला कापूस ढिगानं पसरलेला, तोच बर्फ. पोरांना भाड्यानं जाडे कोट घालायला देत होते, फोटोसाठी. गारव्याला मंडपाच्या चारी कोपऱ्यांत डेझर्ट कूलर लावलेले. आमच्याकडे गारवा म्हटलं की कूलर, दुसरं कुणाला सुचतच नाही. पण कूलरला खिडकी उघडी लागते हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. बंद मंडपात ते पाणी फुंकत होते, कापूस ओलसर झाला होता, त्याचा वास येत होता आणि अंटार्क्टिकात शिरलेला माणूस चिकट घामानं भिजत होता. तरी बाहेरच्यापेक्षा बरं, म्हणून गर्दी होती.

मधोमध एक पांढरं अस्वल, यंत्रावर मान हलवणारं. आणि त्याच्या पायाशी पेंग्विन.

मी प्रदर्शनीच्या मॅनेजरला, म्हणजे मला फोन करणाऱ्या त्या माणसाला, बाजूला बोलावलं. पस्तिशीचा असेल, गळ्यात ओळखपत्र, दोन्ही हातांत दोन मोबाईल.

"बाबू, हे अस्वल उत्तरेकडचं. पेंग्विन दक्षिणेकडचे. या दोघांच्या मधात सगळी पृथ्वी येते. ते जन्मात एकमेकाले भेटत नाहीत."

"आजी, अकोल्यात हे कोणाले माहीत आहे?"

"मले माहीत आहे ना."

"मंग तुमी सांगू नका कोणाले," असं म्हणून तो हसत निघून गेला.

मी त्या दिवशी अस्वलाकडे पाठ करून बसले आणि गोष्ट सांगितली. एवढ्यावर राग संपला असता. माणसं चुकतात, अस्वलाला तर काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर पोचले. मंडपाच्या फाटकाशी बाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला, एक मोठा पेंग्विन उभा असायचा. फोमचा, माणसाच्या उंचीचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पंख हलवून बोलवायचा, पोरांशी हात मिळवायचा, डोलायचा. पहिल्या दिवशी मीही त्याच्याकडे पाहून हसले होते. आज त्याच्याजवळून जाताना चोचीतून आवाज आला.

"आजी, किती वाजले व?"

बाईचा आवाज. मी दचकले. "अग बाई! आत कोण आहे?"

"मीच आहो. घड्याळ दिसत नाई यातून. पाच वाजाले किती टाइम आहे?"

तेव्हा एक वाजून गेला होता. अकोल्याचा मे महिना ज्यानं पाहिला आहे त्याला मी काय सांगू, आणि ज्यानं पाहिला नाही त्याला तर सांगून कळणारच नाही. त्या वेळेला आमच्याकडे कुत्रं गटारीतून बाहेर येत नाही. दाराची कडी हाताला चटका देते. आम्ही बाया बाहेर पडायचंच असेल तर दुपट्टा ओला करून डोक्या-तोंडाला बांधतो, खिशात नाहीतर कनवटीला कांदा ठेवतो, लू लागू नये म्हणून. आणि ही बाई फोमच्या पोत्यात शिवल्यासारखी, डांबरावर.

"माय, तू दिवसभर अशीच?"

"बारापासून पाचपर्यंत. तवाच गर्दी येते ना गारव्याले. संध्याकाळी दुसरा माणूस असते."

"पाणी?"

"मुंडकं काढलं की मॅनेजर चिल्लावते. पोट्टे भेतात म्हणे."

म्हणजे बघा. आतल्या लोकांना गारवा हवा म्हणून दुपारची गर्दी, आणि गर्दी यावी म्हणून ही दुपारी उन्हात. मी चोचीपाशी तोंड नेऊन तिच्याशी बोलत होते आणि रस्त्यानं जाणारा एक जण हसून म्हणाला, "काय मावशी, पेंग्विनचं लगीन जमवता का?"

मॅनेजर आत कूलरपुढे बसला होता. मी सरळ विचारलं, "अरे बाबू, त्या बाईले काहून उन्हात उभं केलं?"

"कोणती बाई?"

"पेंग्विन."

"अच्छा, ती. तिले सवय आहे आजी. धारणीकडची आहे, पहाडातली. हे लोक उन्हातान्हातच राहतात."

माझं डोकं फिरलं ते तिथं. हा 'सवय आहे' शब्द मी जन्मभर ऐकत आले. आमच्या मोहल्ल्यातल्या बाया खडी फोडायच्या तेव्हा ऐकला. माझ्या बापाच्या पांढऱ्या बोटांबद्दलही कारखान्याच्या मालकानं हेच म्हटलं होतं. ज्याला स्वतः कधी करायचं नसतं ना, तो दुसऱ्याला सवय लावून देतो.

"सवय कातडीले होते का रे? सवय गरजेले होते. तू उभा राहून पाह्य पाच वाजेपर्यंत."

"आजी, तुमी मोठ्या आहात म्हणून ऐकून घेतो. गोष्ट सांगा ना तुमी. आतलं तुमी पाहा, बाहेरचं आमी पाहतो."

घरी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, अमरावतीहून भांडण बांधून आणलं होतं का व पिशवीत? दोन दिवस नाही झाले."

"तू पाहिलं का तिले?"

"पाहिलं ना. पोरांनी फोटो काढले तिच्यासंग." आणि मग जरा थांबून, "आत बाई आहे हे मले माहीत नव्हतं."

पुढच्या दिवशी मी बाटलीत कैरीचं पन्हं नेलं. फाटकामागे तट्ट्याचा आडोसा होता, तिथं तिला ओढून नेलं आणि पेंग्विनचं डोकं काढायला लावलं. आतून निघाली ती पस्तीस-चाळिशीची किरकोळ बाई, चेहरा वाफाळल्यासारखा लाल. डोक्याला ओला टॉवेल गच्च बांधलेला. कनवटीला कांदा. आपल्या घरून निघताना आपण जी तयारी करतो ती सगळी तिनं केलेली होती, बिचारीनं. पण ओल्या फडक्याला वारा लागला तर ते गार होतं. त्या फोमच्या मुंडक्यात वारा कुठला? टॉवेलाची नुसती वाफ होत होती. मी टॉवेल काढायला लावला तर ऐकेना.

"नाई आजी, ऊन लागते बिना टॉवेलचं."

"ऊन लागून राहिलंच आहे ना तुले! वाफ कशाला अजून?"

पन्हं ती एका दमात प्याली. मी म्हटलं, मी बोलते परत मॅनेजरशी, नाहीतर वरच्या मालकाशी. तशी ती घाबरली.

"नका बोलू आजी. महिनाभराचं काम भेटलं आहे. लेकरं मायजवळ ठेवून आली मी. तुमी बोलसान त हेही जाईन, अन् दुसरी कोणी उभी राहीन. पेंग्विन त उभाच राहाचा आहे."

तिचं म्हणणं खरं होतं. तिला उन्हातून काढायचं, पण कामावरून नाही, एवढंच साधायचं होतं आणि तेच कुणी करू देत नव्हतं. मी मॅनेजरला म्हटलं, तिला आत कोट वाटायला ठेव. तो म्हणाला, तिथं माणूस आहे. म्हटलं, त्या माणसाला नि तिला आलटून पालटून ठेव, तास-तासाची बदली कर. म्हणाला, ड्रेस घालायलाच वेळ लागतो. म्हटलं, सावलीत उभं कर. म्हणाला, सावलीत रस्त्यावरून दिसत नाही.

"खरे पेंग्विन काय करतात माहीत आहे का तुले?" मी म्हटलं. "दक्षिणेच्या त्या अंधाऱ्या हिवाळ्यात हजारो जण अंगाला अंग लावून घोळक्यानं उभे राहतात. बाहेरच्याले वारा झोंबते. मंग बाहेरचा सरकत सरकत आत येते अन् आतला बाहेर जाते. सगळे सगळ्याइची थंडी वाटून घेतात. पाखरू आहे रे ते. पाखराले समजते."

"वा आजी, हे मस्त आहे," मॅनेजर म्हणाला. "हे सांगा ना पोट्ट्याइले आजच्या गोष्टीत."

असा माणूस. त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

त्या दिवशी मी घोड्यांची गोष्ट सांगत होते. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या दोन तुकड्या. एकीनं सामान ओढायला कुत्रे नेले, दुसरीनं तट्टं. कुत्र्याला कातडीतून घाम येत नाही, तो जीभ काढून धापतो. घोड्याला मात्र आपल्यासारखा सर्वांगाला घाम येतो. त्या थंडीत तो घाम घोड्यांच्या अंगावरच गोठायचा. माणसं त्यांच्यासाठी बर्फाच्या भिंती बांधायची, रोज, थकून आल्यावरही. वारा अडावा म्हणून. पोरं कोट घालून कापसात बसली होती आणि तोंड उघडं टाकून ऐकत होती. एका पोरीनं विचारलं, "आजी, घोड्यांना विचारलं होतं का, येता का म्हणून?"

मी उत्तर द्यायच्या आधी बाहेर हसण्याचा गलका झाला. फाटकाकडून. कुणीतरी ओरडलं, "पेंग्विन पडला, पेंग्विन पडला!"

मी धावले. माझ्या वयात धावणं म्हणजे काय ते तुम्ही समजा. बाहेर पाहते तर पेंग्विन डांबरावर उताणा, पंख पसरलेले, आणि भोवती लोक मोबाईल घेऊन उभे. हसत होते. खेळ वाटला त्यांना. एक बाप आपल्या लेकराला म्हणत होता, "पाह्य पाह्य, कसा झोपला!"

"अरे, माणूस आहे आत!" मी अशी ओरडले की माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. "पाठीवरची चेन उघडा, चेन!"

चेन अडकली होती. दोन पोरांनी ओढून फोम फाडला. मुंडकं निघालं, टॉवेल निघाला, कनवटीचा कांदा घरंगळत रस्त्यावर गेला. मी तिच्या कपाळाला हात लावला. कातडी कोरडी होती. तापलेली आणि कोरडी. उन्हात घाम येतो तोवर माणूस वाचतो, घाम थांबला की बोलावणं आलं, हे आमच्याकडे म्हाताऱ्या सगळ्यांना सांगतात. तिचे डोळे वर गेले होते, ती काहीतरी पुटपुटत होती, ते तिच्या धारणीकडच्या बोलीतलं असेल, मला समजलं नाही.

आत उचलून नेलं. मॅनेजर म्हणत होता, "मागच्या बाजूनं न्या, मागच्या बाजूनं, लोक पाहून राहिले." मी त्याला काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कूलरच्या टाकीतून बादलीभर पाणी काढलं. मग माझं लक्ष त्या कापसाकडे गेलं. तो ढिगानं पडला होता, सगळा अंटार्क्टिका. "पोट्टेहो, बर्फ आणा इकडं!" मी ओरडले. पोरांनी ओंजळी भरभरून कापूस आणला, पाण्यात बुडवला आणि आम्ही तो ओला कापूस तिच्या मानेला, काखांत, मांड्यांना, कपाळावर लावत सुटलो. एक जण पुठ्ठ्यानं वारा घालत होता. गरम झाला की टाकायचा, नवा लावायचा. तिचे पाय मी मांडीवर घेतले होते, तळवे तव्यासारखे भाजत होते. ओल्या कापसानं ते पुसता पुसता मला त्या फाटक्या पुस्तकातलं पान आठवत होतं. त्यांना पाय तापवायचे होते, मला निववायचे होते. एवढाच फरक.

ऑटो आला. त्या दिवशी गोष्ट ऐकायला आलेली माझी लेक तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात गेली. संध्याकाळी फोन केला तिनं, आई, सलाईन लावली, शुद्धीवर आहे, डॉक्टर म्हणाले वाचली. आणि मग म्हणाली, "आई, मी तुले भांडखोर म्हटलं होतं, ते राहू दे."

मी त्या रात्री जेवले नाही. रागानं भूक मरते. थंडीत पाय काळे पडलेल्या माणसांच्या गोष्टी मी पन्नास वर्षं सांगते आहे. लोक डोळे पुसतात, म्हणतात, काय सहन केलं हो त्यांनी! ती माणसं आपल्या मर्जीनं गेली होती. त्यांना निरोप द्यायला बंदरावर बँड वाजला होता. आणि ही बाई आपल्या रस्त्यावर, आपल्या डोळ्यांपुढे तसंच सहन करत होती, तर तिच्यासोबत फोटो काढले. तिची गोष्ट कुणी सांगेल का? पुतळा तर सोडाच. उन्हाळ्यात पेपरात कोपऱ्यात दोन ओळी येतात, उष्माघातानं एक जण, त्यालाही नाव नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रदर्शनीवर गेले तर फाटकाशी पेंग्विन उभा. पाठीवर चिकटपट्टी मारलेली. पंख हलवत होता.

मी जवळ गेले. "कोण आहे आत?"

"मी आहो काकू. आतला कोटवाला," माणसाचा आवाज आला. "आज मलेच घातलं यात."

मी आत गेले, माझी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि बाहेर आणून बरोबर पेंग्विनशेजारी उन्हात ठेवली. डोक्यावर पदर घेतला आणि बसले. मॅनेजर धावत आला.

"आजी, हे काय?"

"आज गोष्ट इथं आहे. पोट्ट्याइले बाहेर बोलाव."

"अठी? उन्हात?"

"काहून? तूच त म्हणतो सवय होते."

तोवर गोष्टीसाठी आलेले लोक जमले. माझी गोष्ट ऐकायला आता पोरं ठरवून यायची, आयाही यायच्या. मी त्यांना खुणेनं बोलावलं, बसा रे, आज घोड्यांची राहिलेली गोष्ट पुरी करू. पोरं बसायला लागली तशा आयांनी त्यांचे दंड धरले.

"आजी, उन्हात काहून बसवता? लेकरं आजारी पडतील ना!" एक जण चिडून म्हणाली.

"बरोबर आहे बाई तुझं," मी म्हटलं. "अगदी बरोबर. आता हा जो माझ्याजवळ उभा आहे, यालेही कोणाच्या तरी मायनं जन्म दिला आहे. काढ रे बाबू तुझं मुंडकं."

कोटवाल्यानं मॅनेजरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि काढलं डोकं. घामानं चिंब, डोळे बारीक करून तो त्या बायांकडे पाहत उभा राहिला. ज्या बाईनं मला विचारलं होतं तिनं हळूच आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली त्याच्यापुढे केली. आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या, एकदम, मॅनेजरवर. "काल ती बाई पडली ती अशीच का?" "तुमाले काही लाज?" "आमी लेकरं आणतो अठी!" वऱ्हाडातल्या बाया तोंड उघडतात तेव्हा पुण्याच्या माणसानं पळून जावं. हा तर अकोल्याचाच होता, तरी मागे सरकला.

मी म्हटलं, "हे पाह्य बाबू. तुले पेंग्विन पाहिजे ना रस्त्यावर? ठेव. कापूस भर त्यात. तुझ्याजवळ अंटार्क्टिकाभर कापूस आहे. अन् त्या बाईले बरं वाटलं की आत कामाले घेशील, कोट वाटाले. तिचं काम गेलं असं ऐकू आलं, त मी उद्यापासून ह्या खुर्चीवर रोज बसीन. गोष्ट नाही सांगणार. जे पाहिलं ते सांगीन, येणाऱ्या प्रत्येकाले."

त्यानं दोन्ही मोबाईल खिशात घातले. प्रथमच पाहिले मी त्याचे हात रिकामे. "ठीक आहे ना आजी," तो म्हणाला, "इतका तमाशा कराले काय झालं? आधी सांगतलं असतं तुमी."

आधी सांगतलं असतं! ऐका.

पेंग्विनमध्ये कापूस भरला, बांबूला बांधला आणि उभा केला भर उन्हात, रस्त्याकडे तोंड करून. ती बाई दवाखान्यातून आली, काही दिवस माझ्या लेकीच्या घरीच पडून राहिली आणि मग आत कोटवाल्यासोबत कोट वाटायला लागली. कूलरपुढची जागा मी तिला धरून दिली. पोरांच्या कोटांची बटणं लावता लावता ती माझी गोष्ट ऐकायची. एकदा म्हणाली, "आजी, त्या घोड्याइचं काय झालं मंग? त्या दिवशी माह्यामुळे राहिलं ते."

मी तिला खोटं सांगितलं नाही. एकही परत आला नाही, म्हटलं. वाटेतच, एकेक थकला तसा, गोळी घातली. हातातलं बटण लावून पोराला तिनं पुढे ढकललं.

मंडपाच्या फटीतून फाटक दिसत होतं. बाहेर पोरांची रांग लागली होती, पेंग्विनसोबत फोटो काढायला. एक लेकरू त्याचा पंख धरून हलवत होतं, दुसरं त्याला मिठी मारत होतं. आया हसत होत्या. गर्दी एका माणसानंही कमी झालेली नव्हती.

ती तिकडे पाहत होती.

"आजी," ती म्हणाली, "मी आत होती तवाही असेच फोटो काढत होते हे लोक."

"हो."

"मंग मले कशाले भरलं होतं व त्यात?"

हा प्रश्न मी मॅनेजरला जाऊन विचारला, तिच्यादेखत, सगळ्यांदेखत. तो मोबाईलवर बोलत होता. त्यानं हातानं खूण केली, थांबा, म्हणून. मी अजून थांबलेली आहे.